भाड्याचा पाऊस

सोमनाथच्या लिंबाला कुणी नख लावलेलं त्याला खपत नसे. दर गुरुवारी दुपारी शारजात, अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगखाली, मलबारी ग्रोसरीसमोर मोहिद्दीनभाईंची पिकअप येऊन थांबायची. मागे भाजीच्या क्रेटांमध्ये हा उकिडवा बसलेला, डोक्याला फडकं गुंडाळलेलं आणि मांडीशी लिंबांची टोपली. ती टोपली तो भाजीत मिसळू द्यायचा नाही. एखादी बाई लिंबू उचलून रस बघायला सालीत नख रुतवायला लागली की हा टोपली मागे ओढायचा.

"ताई, तुमच्या गालाला असं नख लावून बघितलं तर चालंल का?"

बाई भडकायची, मोहिद्दीनभाई मध्ये पडून दोघांना शांत करायचे, आणि पुढच्या गुरुवारी तीच बाई टोपलीपाशी पुन्हा हजर. कारण लिंबं तशी होतीच. पातळ सालीची, नुसती हातात घेतली तरी वास संध्याकाळपर्यंत बोटांवर राहणारी. माझं लोणचं आमच्या ओळखीपाळखीत नावाजलेलं होतं. त्यात माझा हात किती आणि सोमनाथची लिंबं किती, हे मला ठाऊक होतं.

तो श्रीगोंद्याकडचा. धैदजवळच्या एका मझऱ्यावर, म्हणजे शेतावर, कामाला होता. मालक एक वयस्कर अरब, सगळे त्यांना अरबाब, म्हणजे धनी, म्हणायचे. त्यांचा जीव खजुरात आणि उंटांत. मोहिद्दीनभाई तिथले सुपरवायझर. ते राजापूरच्या खाडीकाठचे. सोमनाथ गावाहून पहिल्यांदा आला तेव्हा रुमालाच्या गाठीत लिंबाच्या बिया घेऊन आला होता. अरबाबच्या बंगल्यामागे एक रिकामा तुकडा पडला होता. तिथे काय हवं ते लाव, असं अरबाब गमतीत म्हणाले आणि यानं ते गमतीत घेतलं नाही. रोपं केली, आळी केली, दिवसाचं काम आटपलं की झाडांपाशी. खजूर त्याला आवडत नसे. झाड आहे की खांब आहे कळत नाही म्हणायचा. उंटांसाठी लावलेल्या गवताला तर तो शेती म्हणायलाच तयार नव्हता.

मी आणि उपेंद्र, माझा नवरा, एकदा लोणच्याची लिंबं आणायला तिकडे गेलो होतो. बाहेर डोळे दिपवणारी वाळू, आणि लिंबांखाली शिरल्यावर एकदम गार. जमिनीवर कवडसे, फुलांवर माश्यांची गुणगुण. सोमनाथ प्रत्येक झाडाची ओळख करून देत होता. हे खोडकर, हे आळशी, ह्याला वारा सोसत नाही. उपेंद्र नंतर गाडीत म्हणाला, माणूस गर्विष्ठ आहे. होताच. पण गर्व करावा असं काहीतरी त्याच्याकडे होतं, आणि परदेशात ते फार थोड्यांकडे असतं.

मग पाऊस थांबला. तसा तिथे पाऊस तो किती! हिवाळ्यात चार-सहा सरी. पण डोंगरात त्या जोरात पडायच्या, वाद्या, म्हणजे तिकडचे कोरडे ओढे, दुथडी वाहायच्या, आणि ते पाणी गोट्यांखालून झिरपत धैदच्या विहिरींना मिळायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते बंद झालं. एक हिवाळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. पाणी अडवायला बांधलेल्या बंधाऱ्यांत पोरं क्रिकेट खेळायला लागली.

पाऊस थांबला पण पंप थांबले नाहीत. मला किळस आली ती याची. पाऊस पडत नाही हा कुणाचा गुन्हा नव्हे. पण ज्या वर्षी पाऊस नाही त्याच वर्षी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवताचे नवे पट्टे दिसायला लागले. भर दुपारी, आग ओकणाऱ्या उन्हात फवारे फिरतायत, निम्मं पाणी जमिनीला लागायच्या आत हवेत उडून जातंय. गवत कापायचं, भारे बांधायचे, विकायचे, पुन्हा पाणी सोडायचं. एकानं बोअर खाली नेली की शेजारी त्याहून खाली नेणार. त्याची आटली की पहिला आणखी खोल. आणि खोल गेल्यावर लागलं काय, तर खारं पाणी. इकडे आमच्या बिल्डिंगखाली वॉचमन रोज सकाळी लोकांच्या गाड्या उघड्या पाइपानं धूत असायचा. ओल्या फडक्यानं पूस म्हटलं तर म्हणायचा, मॅडम, साब लोगोंको चमक चाहिये.

सोमनाथच्या लिंबांच्या पानांची टोकं करपायला लागली ती याच काळात. फळ बारीक झालं. टोपली रिकामी रिकामी दिसायला लागली, तसा तो जास्तच तिरसट झाला.

आणि त्यातच त्यानं ताण दिला.

आमच्याकडच्या देशावरच्या बागाईतदाराला हे समजावून सांगायला नको. बहार धरायचा म्हणजे झाडाचं पाणी तोडायचं. झाड पान गाळतं, मलूल होतं, आणि मग भरपूर पाणी सोडलं की एकदम फुलांनी लगडतं. सोमनाथ दर हिवाळ्यात हे करत आला होता. पहिल्यांदा पाणी तोडलं तेव्हा अरबाब घाबरले होते, झाडं मारतोस की काय म्हणाले होते, आणि नंतर पांढऱ्याशुभ्र फुलांखाली खुर्ची टाकून कॉफी प्यायले होते. त्या दुष्काळी हिवाळ्यात तर सोमनाथला वाटलं, ताणाचा दुहेरी फायदा आहे. बहारही येईल, आणि तेवढे दिवस पाणीही वाचेल. त्यानं नेहमीपेक्षा जास्त लांब ताण दिला.

पण श्रीगोंद्याच्या जमिनीत मीठ नव्हतं. इथे खाऱ्या पाण्याचं मीठ मातीत मुरलेलं होतं. माती सुकली तसं ते वर आलं. आळ्यांत पांढरी साय धरली. सोमनाथनं ती बघितली, पण त्याला ती नुसती धूळ वाटली. मग त्यानं पाणी सोडलं, तेही खारंच, आणि ते सगळं मीठ घेऊन मुळांशी गेलं. फुलं आली नाहीत. उरलेली पानंही काठाकाठानं जळत गेली.

हे मला मोहिद्दीनभाईंनी सांगितलं, टोपलीशिवाय आलेल्या एका गुरुवारी. सोमनाथ पिकअपमध्ये बसून होता, खाली उतरला नाही.

"ह्याला म्हटलं होतं मी," मोहिद्दीनभाई मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं म्हणाले. "आमची खाजणातली जात. मीठ काय चीज असते ते आम्हाला विचारा. पावसाळ्यात खाजणातलं मीठ पावसानं धुऊन जातं तेव्हा कुठे आम्ही भात लावतो. हा शहाणा मातीला उपाशी ठेवून बसला."

"म्हाईत हाय," सोमनाथ आतूनच म्हणाला. "आता गप ऱ्हावा."

अरबाब रागावले नव्हते. ते नुसते म्हणाले होते, खलास. उन्हाळ्याआधी तुकडा साफ करा, तिथेही गवत लावू. गवत खारं पाणीही पिऊन घेतं. सोमनाथनं हातापाया पडून एकच मुदत मागितली होती: एकदा गोड्या पाण्यानं मुळं धुऊन बघतो. पालवी फुटली तर ठेवा, नाही फुटली तर मीच उपटून देतो. अरबाबनी विचारलं, गोडं पाणी कुठून आणणार? सोमनाथनं बंगल्याच्या अंगणातल्या स्विमिंग पूलकडे बोट दाखवलं.

हिवाळ्यात शुक्रवारी अरबाब तो बंगला पिकनिकला भाड्यानं देत. बोअरच्या पाण्यानं फरशीला डाग पडतात म्हणून पूल शहरातून टँकर आणून भरत. गोडं, प्यायचं पाणी. लोक पोहून गेले की ते वाळूत सोडून देत. सोमनाथचं म्हणणं एवढंच, की ते वाळूत न सोडता माझ्या आळ्यांत सोडा. अरबाब हसले, म्हणाले, हे पाणी तसंही फेकायचंच आहे, ने. पण सीझनमधला एकच टँकरफेरा बाकी होता. शेवटची पिकनिक झाली की पूल कोरडा करून कुलूप. सोमनाथनं पूलच्या तोंडापासून लिंबांपर्यंत पाट खणला, बांध घातले, प्रत्येक आळं मोठं केलं. मोहिद्दीनभाई शिव्या घालत घालत त्याच्याबरोबर खणत होते.

ती शेवटची पिकनिक मराठी माणसांची होती. रंगपंचमीची. हे ऐकल्यावर मला आधी बरंच वाटलं.

सोमनाथ तेव्हा पिकअपमधून खाली उतरला. लिंबांशिवाय त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"वहिनी, तुमच्यातलेच लोक हायेत. तेवढं सांगा त्यांना. रंग वाळूत खेळा, बोअरचं पाणी लागंल तेवढं घ्या. फक्त पूलमध्ये काय टाकू नका. पोरं पोहली तरी चालंल."

ते लोक म्हणजे आमचाच गट. दर सणाला एकत्र जमणारी मराठी कुटुंबं. पुढारी सत्यजित, त्याचा कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा होता, आणि त्याच्याकडे पंप, पाइप, ताडपत्र्या सगळं असायचं, म्हणून तोच कायमचा पुढारी. त्याच्या घरी तयारीची मीटिंग झाली तेव्हा मी सगळं नीट सांगितलं. मिठाचं, ताणाचं, अरबाबच्या मुदतीचं. लोकांनी मन लावून ऐकलं. आपल्याकडच्या दुष्काळाच्या आठवणी निघाल्या. टँकरमागे धावणाऱ्या बायका, तीन घागरींची खेप, कुणाची मावशी, कुणाची आजी. डोळे ओले झाले. सत्यजितची बायको दर्शना म्हणाली, बिचारा. मग चहा झाला.

"डोंट वरी, वहिनी," सत्यजित म्हणाला. "लिंबं आपली जबाबदारी. आणि यंदा सरप्राइज आहे."

सरप्राइज काय ते शुक्रवारी कळलं. सत्यजितनं साइटवरून पंप आणला होता आणि भोकं पाडलेले पाइप. मांडवासारखा सांगाडा उभा करून त्यावर ते बसवले होते. रेन डान्स. पंपाचं तोंड पूलमध्ये.

मी म्हटलं, सत्यजित, बोअरचं घ्यायचं ठरलं होतं ना. तो म्हणाला, वहिनी, ते खारट आहे हो, डोळ्यांची आग होते, लेडीजच्या केसांची वाट लागेल. थोडंसंच ओढतो. खाली पडलेलं पाणी परत पूलमध्येच जाईल.

ते परत कुठेही गेलं नाही. गाणी लागली, पंप सुरू झाला, आणि वरून पाऊस कोसळायला लागला. चार वर्षं ज्या जमिनीवर थेंब पडला नव्हता तिथे आमची माणसं हात वर करून नाचत होती, आणि पायांखालची वाळू ते पाणी गपकन गिळत होती. सत्यजित सांगाड्याखाली उभा राहून, पोट पुढे काढून, ओरडून सांगत होता की सत्यजितनं दुबईत पाऊस पाडला. धैद दुबईत नाही हे त्याला सांगायलाही मला जिवावर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळी जाणती, शिकलेली माणसं. कुणी इंजिनियर, कुणी बँकेत. ज्यांच्या मावश्या टँकरमागे धावल्या होत्या तीच.

दुपारपर्यंत पूल निम्म्याच्या खाली गेला. मग कुणीतरी सत्यजितला उचलून त्यात टाकलं. त्यानं जाताना रंगाचं पोतं बरोबर नेलं. त्याच्यामागे सगळे. लाल, जांभळा, हिरवा, चंदेरी वार्निश. एकानं स्वयंपाकघरातून भांडी घासायचा साबण आणून ओतला, फेस केला, मुलं खूश झाली. पावभाजीचं तेलकट पातेलं कुणी काठावर बसून त्यातच विसळलं. पाण्याचा रंग गटाराच्या तोंडाशी असतो तसा झाला. वर फेस, फेसावर पेपर प्लेट, केसांचा गुंता, कुणाच्या तरी तान्ह्याचं डायपर. मी ऋताला, माझ्या मुलीला, हात धरून बाहेर ओढलं. ती वैतागून म्हणाली, "आई, इट्स ओन्ली वॉटर!"

दर्शनाला मी बाजूला घेतलं. ती रंगानं इतकी माखली होती की डोळे तेवढे दिसत होते. म्हणाली, "अगं, सणाचा दिवस आहे. लिंबांसाठी आपण सुतक पाळायचं का? आणि भाडं भरलंय ना आपण. माणशी तीस दिरहम, म्हणजे जवळजवळ चारशे रुपये झाले."

एवढं होऊनही तळाशी काहीतरी उरलं होतं. पण गाड्या रंगल्या होत्या. रंगलेल्या अंगानं सीटवर कसं बसणार आणि रंगलेली गाडी शारजात कशी नेणार? सत्यजितनं पंपाचा पाइप गाड्यांकडे वळवला.

सोमनाथ सकाळपासून पाटाच्या तोंडाशी फावडं घेऊन बसला होता. कुणी त्याला जेवायला हाक मारली नाही; मी ताट नेलं तर त्यानं ते बांधावर ठेवून दिलं. गाड्या धुऊन झाल्यावर तो उठला, पूलच्या पायऱ्या उतरला आणि ओंजळ भरून घेतली. वास घेतला. ओंजळ तशीच धरून राहिला, बोटांमधून जांभळं पाणी गळून जाईपर्यंत.

मोहिद्दीनभाई म्हणाले, "सोड रे तसंच. काही नाही त्यापेक्षा बरं. माती गाळून घेईल."

"तेल हाय त्याच्यात. साबण हाय, वार्निश हाय."

"तू सोड तर खरं."

"नाय," सोमनाथ म्हणाला. "मी चुकलो म्हणून त्यांनी हे प्यायचं का?"

आणि त्यानं फावड्यानं पाटाचं तोंड बुजवलं. मोहिद्दीनभाई त्याला मेल्या, हट्टी, अकलेच्या कांद्या म्हणत राहिले. तो नीट, सगळीकडून माती ओढून, पायानं दाबत बुजवत होता. मग त्यानं दुसऱ्या बाजूची झडप उघडली आणि ती घाण वाळूत निघून गेली. वाळूनं तीही गिळली. वर चंदेरी कड तेवढी राहिली.

सत्यजित निघताना त्याला बक्षिसी द्यायला गेला. सोमनाथनं दोन्ही हात मागे घेतले. सत्यजित मला गाडीत बसता बसता म्हणाला, "ॲटिट्यूड बघितलात?" उपेंद्रनं मला गप्प बसवायच्या आत मी बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्यानंतर बरेच सण आम्ही घरीच केले.

उन्हाळ्याआधी लिंबाची झाडं काढली. मोहिद्दीनभाईंनी सांगितलं की साखळी बांधून ट्रॅक्टरनं ओढायला कुणाला लावलं नाही, यानं स्वतःच एकेक खणून काढलं, बोलल्याप्रमाणे. दोन झाडांच्या बुंध्याशी बारीक पालवी होती म्हणे. त्यानं ती कुणाला दाखवली नाही, मोहिद्दीनभाईंना नुसतं म्हणाला की एवढ्यावर अरबाबला थांबवायला तोंड नाही. तिथे गवत आलं. पुढे गवतालाही ते पाणी सोसेना, तेव्हा पंप बंद झाले. खोल जायची शर्यत सगळेच हरले. मोहिद्दीनभाई राजापूरला परत गेले, आणि गुरुवारची पिकअप बंद झाली.

सोमनाथ मला पुन्हा भेटला तो काही वर्षांनी, दुबई मरीनात. तेव्हा तिथे निम्मे टॉवर उभे होते, निम्मे क्रेनखाली. सत्यजितनं नवा फ्लॅट घेतला होता. वास्तुशांतीचं आमंत्रण दर्शनानं स्वतः फोन करून दिलं, जुनं विसरू या म्हणाली. उपेंद्र गाडी लावायला गेला आणि मी पाण्याकाठच्या हिरवळीपाशी थांबले. गणवेश घातलेला एक माणूस गुडघ्यांवर बसून फवाऱ्याचं तोंड साफ करत होता. टोपीखालचा चेहरा मी आधी ओळखला नाही. त्यानं मला ओळखलं.

"लोणचं घालता का अजून, वहिनी?"

बाजारची लिंबं घेऊन घालते म्हटलं. तो हसला नाही, पण मान हलवली. लँडस्केपवाल्या कंपनीत लागला होता. कामगारांच्या कॅम्पात राहतो म्हणाला, पगार वेळेवर येतो. मी विचारलं, झाडं आहेत का इथे? आहेत, म्हणाला, कुंड्यांत, शोभेची. ह्या गवताचं मात्र बरं आहे, ह्याला ना बहार, ना फळ. बारा महिने नुसतं पाजायचं.

मला राहवलं नाही. एवढं पाणी कुठून येतं, मी विचारलं. धैदच्या विहिरी मेल्या आणि इथे रस्त्याच्या मधोमध फवारे चालू आहेत.

त्यानं पाइपाकडे बोट दाखवलं. पाइप जांभळा होता. "हे पिऊ नका हां. शहरातल्या संडास-मोरीचं असतंय. मोठ्या प्लँटवर गाळून, साफ करून पाठवत्यात." त्यानं फवाऱ्याचं तोंड जागेवर बसवलं, झडप फिरवली, आणि बोटावर थेंब घेऊन नाकाशी नेला, त्या दिवशी ओंजळ नेली होती तसाच. "वास नाय. साबण नाय, तेल नाय. त्या दिवशीच्या पाण्यापेक्षा लाख पटीनं चांगलं. हे असतं ना, तर माझी लिंबं जगली असती."

उपेंद्र आला. सोमनाथनं त्याला रामराम केला आणि पुढच्या फवाऱ्याकडे गेला.

वर फ्लॅटमध्ये पूजा झाली होती. दर्शनानं लिंबाचं सरबत हातात दिलं आणि खिडकीपाशी नेलं. खाली हिरवा पट्टा दिसत होता, मधे सोमनाथची टोपी, ठिपक्याएवढी.

सत्यजित मागे येऊन उभा राहिला. "बघा वहिनी. वाळवंटात काय हिरवळ ठेवलीय! ह्या व्ह्यूचेच पैसे दिलेत."

मी त्याला सांगितलं की हिरवळ सोमनाथ ठेवतो. धैदच्या लिंबांचा सोमनाथ.

"कोण सोमनाथ?" सत्यजित म्हणाला. आठवायचा प्रयत्नही केला त्यानं, कपाळाला आठ्या घालून. मग चेहरा उजळला. "अरे हो, धैद! काय रेन डान्स झाला होता तो. वहिनी, पुन्हा करू या एकदा. इथे खाली, ह्या लॉनवर."

सरबताला वास नव्हता. मी ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "करा," मी म्हटलं. "मात्र तोंड मिटून नाचा. खाली तुमच्याच संडासचं पाणी आहे."